षट्कर्णी

कोणतीही गोष्ट सहा कानांवर गेली की ती गुप्त राहत नाही, असे आपले पूर्वज सांगून गेले. परंतु त्या पूर्वजांनी गिटार पाहिलेली नव्हती. पाहिली असती, तर ज्या वाद्याच्या डोक्यालाच सहा कान आहेत त्याची दुरुस्ती गृहिणीच्या नकळत, माफक खर्चात आणि पंधरवड्याच्या मुदतीत उरकून टाकण्याचा बेत आखणाऱ्या माझ्यासारख्या निवृत्त अव्वल कारकुनास उद्देशून त्यांनी निदान एखादे सुभाषित तरी खास राखून ठेवले असते.

ह्या कानांना दुकानदार चाव्या म्हणतात, कॉलेजातली मुले ट्यूनर म्हणतात, कंपन्यांच्या छापील कागदांवर त्यांचा उल्लेख मशीन हेड असा भारदस्त येतो, आणि मिरजेकडे कोणत्याही वाद्याच्या बाबतीत खुंटी ह्या एकाच शब्दावर भागते. मी त्यांना कान म्हणतो, कारण ते पिळावे लागतात. 'बळी तो कान पिळी' ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो होतो. गिटारीच्या बाबतीत मात्र कान पिळणाराच अखेरीस बळी जातो, हा तिचा उत्तरार्ध मला साठीनंतर कळला.

गिटार मूळची चिरंजीवांची. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी तिच्यावाचून त्यांचे शिक्षण अडले होते. पदवी हाती पडताच ती कपाटावर, गणपतीचे मखर आणि मिक्सरचे रिकामे खोके यांच्यामधल्या बेचक्यात विसावली आणि चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरला रवाना झाले. पुढे 31 वर्षांच्या महसुली सेवेनंतर मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन सन्मानपूर्वक घरी पाठवण्यात आले, तेव्हा दुपारी दोन ते पाच ह्या ज्या वेळात मी आजवर लोकांच्या अर्जांवर शेरे मारीत आलो होतो, त्या वेळात हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून मी ती खाली उतरवली. दोन महिन्यांत मला तीन स्वरमेळ वाजवता येऊ लागले. चौथा येण्याच्या सुमारास चौथ्या तारेने असहकार पुकारला.

प्लॅस्टिकलाही वार्धक्य येते, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. गिटारीच्या चावीचे बटण वर्षानुवर्षे आतल्या आत आकसत जाते, त्याला तडे जातात, आणि एके दिवशी, आपण नुसता अंगठा टेकवला असताना, शिळ्या बत्ताशासारखा त्याचा भुगा तळहातावर उतरतो. तसा तो उतरला. मागे राहिला केवळ एक चपटा लोखंडी दांडा, आणि तो पिळण्यासाठी पक्कड शोधूनही न सापडल्यामुळे मी स्वयंपाकघरातील सांडशीची तात्पुरती नेमणूक केली. आमच्या खात्यातील तात्पुरत्या नेमणुकांचा जो इतिहास आहे तोच येथेही घडला, म्हणजे सांडशी महिनाभर गिटारीच्याच सेवेत राहिली. तिच्या सेवेतही तार नीट लागेना. चढवायला जावे तर बराच वेळ काहीच होत नसे. मग एकाएकी 'टिंक' असा आवाज होऊन तार इष्ट स्वराच्या पलीकडे उडी मारी, आणि अर्ध्या तासाने पाहावे तो पुन्हा खाली उतरलेली. एका कर्मचाऱ्याची ही अवस्था पाहून मी बाकीच्या पाचांची साधी कैफियतही न मागवता सहाही जणांना एका लेखणीने बडतर्फ केले, आणि त्यांच्या जागी नवीन भरतीसाठी शाळकरी मुलांची दोनशेपानी वही उघडली.

कोणतीही भरती करण्यापूर्वी पदाच्या कर्तव्यांची माहिती करून घ्यावी, ह्या न्यायाने मी प्रथम जुन्या चावीचे पत्र्याचे टोपण उचकटून आत डोकावलो. बटणाच्या दांड्यावर एक मळसूत्र कोरलेले असते आणि ते एका पितळी दंतचक्रात अडकलेले असते, एवढाच सगळा प्रपंच. ह्या मळसूत्राला इंग्रज 'वर्म' म्हणतो आणि त्याला त्यात किडा दिसतो. मराठी माणसाला मात्र तो शब्द ऐकताच आपलाच वाटावा, कारण ह्या यंत्राचे सगळे वर्म खरोखरच त्या वर्मात आहे. मळसूत्राचा एक फेरा झाला की चक्राचा एक दात पुढे सरकतो. चक्राला 14 दात असतील तर बटणाचे 14 फेरे व्हावे तेव्हा तार गुंडाळणारा खांब एकदा फिरतो, आणि ह्यालाच जाहिरातीत 14 : 1 असे लिहितात. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, मळसूत्र चक्राला फिरवू शकते, पण चक्र मळसूत्राला फिरवू शकत नाही. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे 70 किलो, म्हणजे मी स्वतः आणि माझ्या हातातील भाजीची पिशवी यांच्या वजनाइतका, रात्रंदिवस त्या चक्रांना ओढीत असतो, आणि तरीही बटण जागचे तसूभर हलत नाही. हुकूम वरून खाली जावा आणि अर्ज खालून वर जाऊ नये, ही व्यवस्था इतक्या निर्दोष स्वरूपात मी आमच्या खात्याबाहेर प्रथमच पाहिली. जे चक्र उलटे फिरूच शकत नाही ते तार सोडील कसे, हा प्रश्न त्याच क्षणी माझ्या मनात यावयास हवा होता. तो आला नाही, कारण तोवर मी किमतींच्या रकान्यापर्यंत पोहोचलो होतो.

ज्याला महाग वस्तू परवडते त्याला ती निवडावी लागत नाही. तो बोट दाखवतो आणि पैसे मोजतो. निवडीचे खरे कष्ट, खरे जागरण आणि खरे वैचारिक द्वंद्व हे स्वस्ताईच्या वाट्याला आलेले असते. 1925 साली शिकागोत सुरू झालेल्या क्लूसनच्या, जर्मनीच्या शालरच्या किंवा जपानच्या गोटोहच्या चाव्यांची छायाचित्रे पाहून डोळे निवले आणि किंमत पाहून ते उघडले. त्यांतील काही संच असे निघाले की, त्यांच्या खरेदीला तारण म्हणून माझी गिटार ठेवली असती तर सावकाराने वर आणखी जामीन मागितला असता. तेव्हा मी नजर हजार रुपयांच्या खाली आणली, आणि खाली आणताच दिसून आले की, तळाशी असलेली गर्दी ही शिखरावरच्या गर्दीपेक्षा कितीतरी दाट असते.

ह्या गर्दीतही जातिभेद आहेतच. एक जात उघड्या चाव्यांची: चक्र, दात, मळसूत्र सारे चव्हाट्यावर, धूळ बसते, पण तेलाचा थेंबही सहज सोडता येतो आणि दात मोजून पाहता येतात, म्हणून माझा स्वाभाविक कल तिच्याकडे. दुसरी पत्र्याचे टोपण घातलेल्यांची, जिच्यात माझी जुनी मंडळी मोडत होती. तिसरी ओतीव धातूच्या बंद डबीची. हिच्या पोटात कारखान्यातच कायमचे ग्रीस भरलेले असते आणि आत नेमके काय चालले आहे हे मालकाला जन्मभर कळत नाही. ही तिसरी जात आज सर्वत्र मान्यता पावलेली आहे, परंतु ती वजनाने जड, आणि जड चाव्यांमुळे उभ्याने वाजवताना गिटारीची मान खाली जाते असे म्हणतात. मी बसूनच वाजवतो. तरीही हा मुद्दा मी वहीत प्रतिकूल शेऱ्यांच्या सदरात नोंदवून ठेवला. शिवाय दात किती, हा वाद स्वतंत्र: 14, 15, 16, 18, क्वचित 21. दात जितके अधिक तितकी तार सावकाश चढते आणि सूर तितका बारकाईने पकडता येतो. अधिक सावकाशीचे आकर्षण मला का वाटावे, हे माझी सेवापुस्तिका पाहणाऱ्यास सांगावे लागणार नाही. मी 18 वर बोट ठेवले.

एवढ्यावर भागते असे मात्र कोणी समजू नये, कारण चावी निवडायची ती अंतिमतः आपल्या आवडीने नव्हे, तर लाकडात आधीच पडलेल्या भोकाच्या आवडीने. आजकालच्या बंद डबीच्या चाव्यांना बहुधा 10 मिलिमीटरचे भोक लागते. जुन्या पद्धतीच्या, नुसते दाबून बसवलेल्या बुशाच्या चाव्यांचे भोक त्याहून अरुंद असते. मी शेजारच्या मुलाच्या कंपासपेटीतील पट्टी आणि माझा जाड भिंगाचा चष्मा यांच्या साहाय्याने मोजणी केली, ती साडेआठ आणि नऊ यांच्या दरम्यान कोठेतरी भरली. मोजणी तीन वेळा केली आणि तिन्ही वेळा वेगळी आली, ही बाब भूमी अभिलेखाशी जन्मभर संबंध आलेल्या मला मुळीच अस्वस्थ करू शकली नाही; तिन्ही आकडे 10 च्या आत होते, एवढे पुरे. बंद डबीची जात आपोआप बाद झाली.

नेमक्या ह्याच सुमारास प्रकरण षट्कर्णी झाले. "अहो, सांडशी कुठाय? दूध उतू चाललंय!" अशी हाक आतून आली तेव्हा सांडशी माझ्या हातात होती, गिटार मांडीवर होती, आणि पलंगावर पसरलेल्या कागदांवर चाव्यांची चित्रे होती. दूध उतू गेले. सायंकाळी बंगळूरला फोन झाला आणि चिरंजीवांनी, "बाबा, त्यापेक्षा नवी गिटारच घ्या ना," असा सल्ला दिला, ज्यातून आमचे चिरंजीव काटकसर ह्या कलेला किती पारखे झाले आहेत हे कळून मला वाईट वाटले. सौभाग्यवतींशी मात्र तह करावा लागला. तहातील मुख्य कलम असे की, त्यांच्या भजनी मंडळाच्या तंबोऱ्याची जवारी बिघडली होती, ती मी मिरजेहून स्वखर्चाने काढून आणावी.

सांगलीहून मिरज जेमतेम दहा किलोमीटर. तेथील सतारमेकर गल्लीत पिढ्यानुपिढ्या सतारी आणि तंबोरे घडत आले आहेत. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ ह्याच गावी राहिले, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गल्लीत एका खांद्यावर तंबोरा आणि दुसऱ्यावर गिटार घेऊन शिरणे म्हणजे सोवळ्याच्या पंक्तीला बूट घालून जाण्यासारखे होते. पंढरपूर भागातून आलेल्या कडू भोपळ्यांच्या राशीत बसलेल्या एका वयस्क कारागिरासमोर मी तंबोरा ठेवला आणि गिटार पाठीमागे सरकवली. त्यानेच ती ओढून पुढे घेतली.

"साहेब, खुंटी फिरवताना टिंक वाजतंय का?" त्याने विचारले.

"वाजतं."

"मग खुंटी चोर नाही. चोर हितं बसलाय." आणि त्याने मानेच्या वरच्या टोकाशी, जेथून तारा खाचांतून डोक्याकडे वळतात, त्या बारीक पांढऱ्या पट्टीवर नख टेकवले.

ह्या पट्टीला गिटारवाले नट म्हणतात. बोल्टावर बसतो तोही नट, काही चाव्यांना वरून आवळतात तोही नट, आणि रंगभूमीवरचा तर आपला पूर्वापार परिचयाचा. परंतु स्वतः बाजूला उभे राहून दुसऱ्याच्या माथी आळ आणण्याचा अभिनय ह्या पट्टीइतका कसदार मी अन्य कोणत्याही नटाचा पाहिलेला नाही. कारागीर सांगत होता, "आमची खुंटी सटकते, लाकूड लाकडात बसवलेलं. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात ढिली पडते. मग खडू लावायचा. तुमचं हे यंत्र, हे कशाला सटकतंय? तार खाचेत अडकते, तुम्ही पिळत राहता, मग एकदम सुटते. खाच जरा घासतो, पेन्सिलीचं शिसं भरतो. झालं."

"आणि बटण?" मी क्षीण स्वरात विचारले.

"शिसवीचं करून देतो. पन्नास रुपये द्या."

येथे कोणताही शहाणा माणूस पन्नास रुपये काढून देता. परंतु माझ्या वहीची तोपर्यंत 27 पाने भरली होती. तीत तुलनात्मक तक्ते होते, समासात लाल शाईचे शेरे होते, मोजणीचे तीन आकडे होते. रीतसर तयार झालेले प्रकरण केवळ ते निष्कारण ठरले एवढ्याच सबबीवर दप्तरदाखल करणे आमच्या खात्याच्या परंपरेत बसणारे नव्हते. "विचार करून कळवतो," असे मी म्हणालो. हे वाक्य मी 31 वर्षे लोकांना ऐकवत आलो होतो; त्या म्हाताऱ्याने मान हलवली त्यावरून त्यालाही ते कोठेतरी ऐकवले गेले असावे.

पहिले पार्सल आले त्यात सहाही चाव्या उजव्या निघाल्या. गिटारीच्या डोक्याला माझ्या प्रकारात तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे अशा चाव्या असतात, आणि डावी ही उजवीची आरशातील प्रतिमा असते, त्यामुळे एकीचे काम दुसरी करू शकत नाही. सहाही एका बाजूला असलेला संच एकतर्फी डोक्याच्या गिटारीसाठी असतो. ही एकतर्फी मांडणी काही आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिएन्नाच्या योहान गेओर्ग श्टाउफर ह्या कारागिराच्या गिटारींवर ती दिसते. त्याच्या हाताखाली तयार झालेला सी. एफ. मार्टिन 1833 साली अमेरिकेस गेला तेव्हा तिला बरोबर घेऊन गेला, आणि शंभरावर वर्षांनी कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने विजेच्या गिटारीवर तिची पुन्हा स्थापना केली. तेव्हा विक्रेत्याची चूक अत्यंत कुलीन होती, एवढे समाधान मानून मी पार्सल परत धाडले. दुसरे आले ते बरोबर होते: तीन डाव्या, तीन उजव्या, निकेलचा मुलामा, फिकट हिरवट झाक असलेली बटणे, 640 रुपये.

बसवण्याचे काम मी एका पावसाळी दुपारी हाती घेतले. जुन्या स्क्रूंची भोके आणि नव्या पत्र्यांची भोके यांत एका मिलिमीटरचा सीमावाद निघाला. जुन्या भोकांत काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोकल्या, वाळू दिल्या, आणि नवी भोके पाडून स्क्रू पिळावयास घेतले. हे स्क्रू गव्हाच्या दाण्याएवढे आणि धातूने मऊ. त्यांच्या आट्यांना आधी साबण चोळावा लागतो, ही माहिती वहीच्या एकोणिसाव्या पानावर होती आणि वही बाहेरच्या खोलीत होती. अकरावा स्क्रू शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला आला असता हाताला एकदम कसे हलके वाटले. पाहतो तो डोके स्क्रूड्रायव्हरच्या टोकाशी आणि धड लाकडात. ते धड आजही तेथे आहे. त्यावर पत्रा घट्ट बसला आहे आणि वरून कोणाला काही कळत नाही.

तारा चढवल्या. प्रत्येक खांबाभोवती दोन-तीन वेढे, नेहमी खालून वर येत सूर धरायचा, वर गेल्यास पुरते खाली उतरून पुन्हा चढायचे, कारण परत येताना मळसूत्र आणि दात यांच्यामध्ये जी किंचित फट राहते तिच्यात तार नंतर विसावते. हे सारे मी शास्त्रोक्त केले. चौथ्या तारेचे नवे, गुळगुळीत, 18 दातांचे बटण पिळू लागलो. बराच वेळ काही झाले नाही. आतून सौभाग्यवतींच्या तंबोऱ्याचा, जवारी काढल्यापासून भुंग्यासारखा गुंजणारा, संथ षड्ज येत होता. मग गिटारीने 'टिंक' म्हटले.

दुसऱ्याच दिवशी मी मिरजेला गेलो. म्हाताऱ्याने काही विचारले नाही. बारीक कानस घेतली, खाचेत चार हात मारले, कानामागची पेन्सिल काढून शिसे भरले, आणि चौथी तार पिळली तशी ती तुपातून फिरावी तशी फिरली. पैसे त्याने घेतले नाहीत. उलट माझ्या पिशवीतील पेढ्याच्या डब्यात खुळखुळणाऱ्या जुन्या सहा चाव्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "मोडीत घालणार असाल तर हितंच ठेवून जा." मी ठेवून आलो. बडतर्फ कर्मचाऱ्यांचे पुढे काय होते याची विचारपूस करण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

दिवाळीनंतर तंबोऱ्याची एक तार तुटली म्हणून पुन्हा जाणे झाले. गल्लीच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या पायरीवर, कॉलेजातला एक मुलगा गिटार वाजवीत बसला होता. गिटार माझ्यापेक्षाही जुनाट, कडेचा रंग उडालेला. पण सूर असा स्वच्छ की मी तंबोऱ्यासकट उभा राहिलो. डोक्याकडे पाहिले. पत्र्याच्या टोपणाच्या सहा चाव्या, त्यांपैकी एका टोपणावर मी उचकटताना पडलेला ओरखडा जसाच्या तसा, आणि चौथ्या तारेच्या दांड्यावर काळ्याभोर शिसवीचे, बदामाच्या आकाराचे, नुकतेच पॉलिश केलेले एक बटण. माझा अंगठा आणि तर्जनी आपोआप पुढे झाली.

"काका," तो मुलगा गिटार किंचित बाजूला घेत अदबीने म्हणाला, "तेवढं खुंटीला हात नका लावू. आत्ताच लावलीय."